उलानबातरचा ‘बेड’, राजारामपुरीचा ‘बॅड’

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते आणि घरूनच ऑनलाइन इंग्रजी संभाषण शिकवते. सध्या माझ्याकडे मंगोलियाच्या राजधानीतली, उलानबातरची एक मुलगी शिकते, तिथल्या एका बँकेत नोकरीला आहे. तिच्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेतीन. जेवणाची भांडी आवरली की मी लॅपटॉप उघडते. पोरगी हुशार आहे, व्याकरण तर माझ्यापेक्षा पक्कं. पण स्वरांपाशी गाडी अडते. ‘बेड’ म्हणायला गेली की ‘बिड’ ऐकू येतं, ‘बॅड’ म्हणायला गेली की ‘बेड’. ‘पोलीस’, ‘अबाउट’, ‘बनाना’ यांतला पहिला स्वर ती इतका ठासून म्हणते की पुढचं कळतच नाही. ‘बिट’ आणि ‘बीट’ समजावताना मी आपल्या शाळेतल्यासारखं ऱ्हस्व-दीर्घ सांगितलं. तिनं लगेच ‘बीऽऽट’ केलं, तरी कानाला बरोबर वाटेना. मंगोल भाषेत ‘स्वरसंवाद’ असतो म्हणून त्या लोकांना इंग्रजी स्वर जमत नाहीत, असं वाचनात आलं. खरं आहे का हे? आणि मी नेमकं काय करू?
— एक शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : तुमच्या पत्रातला आरोपी आधी सोडवते. स्वरसंवादाचा यात फारसा दोष नाही. पण चीज इतकी देखणी आहे की ती न सांगता पुढं जाववत नाही.

उलानबातरच्या आसपास जी खाल्ख मंगोल बोलतात तिच्यात मूळ स्वर सात. त्यांचे दोन गट. एका गटात आ, ऑ आणि जीभ मागं ओढून म्हटलेला एक सैलसर उ. दुसऱ्या गटात ए, ओठ गोल करून तोंडाच्या मधोमध म्हटलेला एक ओ, आणि आपल्या ‘ऊ’च्या जवळचा घट्ट उ. मंगोल व्याकरणात पहिल्या गटाला पुरुष-स्वर म्हणतात, दुसऱ्याला स्त्री-स्वर. सातवा इ, तो तटस्थ. एका शब्दात एकाच गटाचे स्वर यायचे, हा नियम. यालाच स्वरसंवाद म्हणतात. आपल्याकडे एका तालमीची पोरं दुसऱ्या तालमीच्या हौद्यात उतरत नाहीत, तसंच म्हणा. इ मात्र दोन्हीकडं जाऊन चहा पिऊन येतो. उलानबातर हे नावच बघा. ‘उलान’ म्हणजे लाल, ‘बातर’ म्हणजे वीर, १९२४ साली शहराला हे नाव मिळालं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे स्वर एकाच गटाचे.

प्रत्ययसुद्धा शब्द बघून रंग बदलतात. आपण हाताने, पुस्तकाने, घराने म्हणतो. ‘ने’ कुणासाठी बदलत नाही. मंगोलमध्ये हाताला ‘गार’, हाताने म्हणायचं तर ‘गारार’. पुस्तक ‘नॉम’, त्याचं ‘नॉमॉर’. घर ‘गेर’, त्याचं ‘गेरेर’. प्रत्यय एकच, पण शब्दात शिरताना यजमानाचा स्वर अंगावर घेतो.

आता एवढा कडक नियम असलेल्या माणसाला ‘होटेल’ किंवा ‘टेलिफोन’सारखे मिश्र स्वरांचे शब्द म्हणता येत नसतील, असं कुणालाही वाटेल. पण मंगोल माणूस रोज ‘तेलेविझोर’ म्हणतो, ‘कॉम्प्युतर’ म्हणतो. रशियनमधून आलेले हे शब्द त्यानं जसेच्या तसे ठेवलेत, दोन्ही गटांचे स्वर एकत्र नांदतात. खुद्द मंगोल जोडशब्दांतही सांधा ओलांडला की गट बदलतो. त्यांच्या राजधानीतला मोठा चौक ज्याच्या नावाचा आहे तो सुखबातर म्हणजे ‘कुऱ्हाड’ आणि ‘वीर’; पहिला स्वर एका गटातला, पुढचे दुसऱ्या. तेव्हा तुमच्या विद्यार्थिनीच्या तोंडाला मिश्रण चालतं. तिचं अडतं ते दुसरीकडं, आणि त्यातलं निम्मं तुमच्यामुळं अडतं. रागावू नका, सांगते.

माणसाचा कान फार लवकर घट्ट होतो. पॅट्रिशिया कूल या संशोधिकेनं १९९२ साली अमेरिकन आणि स्वीडिश तान्ह्या बाळांवर प्रयोग केला होता. सहा महिन्यांच्या बाळांचे कानही आपापल्या भाषेच्या स्वरांकडं झुकलेले निघाले. पुढं १९९५ मध्ये जेम्स फ्लेगे यांनी मांडलं की दुसरी भाषा शिकताना अगदी अनोळखी ध्वनी त्या मानानं हाती लागतो. छळतो तो आपल्या एखाद्या ध्वनीच्या शेजारी बसणारा. कान म्हणतो, हा तर आपलाच, आणि पुढं ऐकायचंच थांबवतो.

तुमचा ‘बेड’ असाच फसतो. मंगोलमध्ये ए आहे. पण खाल्ख बोलणाऱ्या बऱ्याच लोकांच्या तोंडी शब्दाच्या पहिल्या अक्षरातला ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व इ जवळजवळ एक होऊन जातात. लिहिताना वेगळे, बोलताना नाहीत. म्हणून ती ‘बेड’ म्हणते तेव्हा तुम्हाला ‘बिड’ ऐकू येतं. आणि ‘बॅड’साठी तिच्याकडं स्वतंत्र खण नसल्यामुळं ती एक पायरी वर सरकून ‘बेड’वर थांबते. म्हणजे तिची शिडी बरोबर आहे, फक्त सगळी एक पायरी वर लागली आहे. तिला ‘चुकलं’ म्हणण्यापेक्षा ‘एक पायरी खाली’ म्हणा. माझ्या अनुभवात खुणेनं, हात खाली करून सांगितलेलं लवकर कळतं. जबडा हाताच्या मागोमाग उघडतो.

आणि ‘बॅड’चा स्वर तिच्याकडं अजिबात नाही असंही नाही. मंगोलमध्ये काही व्यंजनं य-कार मिसळून मऊ म्हणतात. अशा मऊ व्यंजनाच्या आधीचा आ पुढं सरकतो आणि आपल्या ॲच्या जवळ जातो. पन्नासला त्यांचा शब्द लिहिताना ‘ताव्य’सारखा, पण बोलताना ‘तॅव्य’. तिला म्हणावं, पन्नास म्हण. म्हटलं की, तो मधला स्वर तेवढा धरून ठेव, ओढत राहा. ओढता ओढता पुढं ब आणि मागं ड लाव. ‘बॅड’ तयार. स्वतःच्याच घरातून निघालेला स्वर परत परत सापडतो. आपण बाहेरून नेऊन दिलेला हरवतो.

आता तुमच्या ऱ्हस्व-दीर्घाकडं येते. खरी गोची इथं आहे.

मंगोलमध्ये स्वराची लांबी म्हणजे जीव की प्राण. ‘त्सास’ आखूड म्हटलं तर बर्फ, लांब म्हटलं तर कागद. लांब स्वर ते दोनदा अक्षर काढून लिहितात, चुकायची सोयच नाही. असा कान असलेल्या मुलीला तुम्ही ‘बीट’ दीर्घ आणि ‘बिट’ ऱ्हस्व असं सांगितलंत. तिनं तुमचं शब्दशः ऐकलं. तोच इ घेतला आणि दुप्पट ताणला. इंग्रजीत मात्र या दोन स्वरांत नुसती लांबी वेगळी नसते, जीभही वेगळ्या जागी असते. ‘बीट’साठी ती ताठ आणि वर, ‘बिट’साठी किंचित खाली, किंचित मागं आणि सैल. हा सैलपणा तिनं कधी ऐकलाच नाही, कारण तुम्ही तिला घड्याळ लावून बसवलंत.

आपल्याला तरी हे का सुचावं? आपल्या इ-ई, उ-ऊ मध्ये वेगळेपण राहिलंय ते बहुतेक कागदावर. बोलण्यात लांबी जागेवरून ठरते. मूल पण मुलाला, फूल पण फुलात, कीड पण किडीला. ‘दिन’ आणि ‘दीन’ मोठ्यानं म्हणून बघा, शेजारच्यानं कान देऊन ऐकलं तरी तो फरक सांगू शकणार नाही. शुद्धलेखनाचे मार्क जाऊ नयेत म्हणून शाळेनं आपल्या डोक्यात जे ऱ्हस्व-दीर्घ बसवलं, ते आपण इंग्रजीवर लावतो. एकीकडं लांबीवर जगणारा कान, दुसरीकडं लांबीवर शिकवणारी बाई. दोघींचं एकमत झालं आणि इंग्रजी बाहेर राहिली.

त्यात आणखी एक मेख आहे. इंग्रजीत लांबीचं खरं काम पुढच्या व्यंजनाची वर्दी देणं हे आहे. प, ट, क यांच्याआधी स्वर तोकडा होतो. ब, ड, ग यांच्याआधी पसरतो. त्यामुळं ‘बीट’मधला तथाकथित दीर्घ ई हा ‘बिड’मधल्या तथाकथित ऱ्हस्व इपेक्षा काही फार लांब नसतो. मोजपट्टीवर विसंबलेला माणूस इथं हमखास आपटतो. पण याच गोष्टीचा तुमच्या मुलीला फायदाही करून देता येतो. मंगोल ड हा आपल्या ड-सारखा घोष, म्हणजे गळ्यात घुमणारा, नसतो, त्यांचा ट आणि ड मुख्यतः श्वासाच्या झोतानं वेगळे होतात. म्हणून तिचा ‘बॅड’ ‘बॅट’सारखा ऐकू येत असणार, तुम्ही लिहिलं नसलंत तरी. तिला सांगा, ड आला की आधीचा स्वर तुझ्या कागदाइतका लांब कर, ट आला की बर्फाइतका आखूड. हे ती पहिल्या फटक्यात करेल. इंग्रज माणूस तेवढ्यावर ड ओळखतो.

उ-ऊ मध्ये तर ती तुमची गुरू शोभेल. मी हैदराबादला ध्वनिशास्त्र शिकायला होते तेव्हा आमच्या वर्गात उलानबातरहून आलेल्या एक शिक्षिका होत्या. मेसमध्ये कुणीतरी हौसेनं त्यांना पाण्यासाठी मंगोल शब्द विचारला. त्या म्हणाल्या, ‘उस’. आम्ही सगळ्या मराठी, तेलुगू, मल्याळी पोरींनी एका सुरात ‘उस’ म्हटलं. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘तुम्ही केस मागताय.’ पाण्याचा उ आणि केसांचा उ, लांबी दोन्हींची सारखीच. पाण्याचा सैल आणि मागचा, केसांचा घट्ट. देवनागरीत मी दोन्ही ‘उस’च लिहिणार, दुसरा इलाज नाही. आम्हाला तो फरक ऐकू यायलाच बरेच दिवस गेले. आता इंग्रजीतले दोन शब्द घ्या, भरलेला या अर्थाचा ‘फुल’ आणि मूर्ख या अर्थाचा ‘फूल’. पहिल्यात पाण्याच्या उ-जवळचा सैल स्वर, दुसऱ्यात केसांच्या उ-जवळचा घट्ट. तुमच्या मुलीला एवढंच सांगा की ‘फुल’ला पाणी, ‘फूल’ला केस. ती बरोबर म्हणेल आणि तुम्ही तिच्याकडून शिकाल. मग तीच युक्ती ‘बिट-बीट’कडं वळवा. ‘पाणी आणि केसांत जो सैल-घट्टपणा आहे तोच इथं इ-मध्ये आण.’ लांबीचं नावही काढू नका.

‘पोलीस’ आणि ‘बनाना’चं कारण निराळं. मंगोलमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर राजा. सगळे स्वर तिथं स्वच्छ, पूर्ण वाजतात. पुढच्या अक्षरांतले ऱ्हस्व स्वर मात्र विरून आपल्या अ-सारखे पुसट होतात, काही जातातच. इंग्रजीतही पुसट स्वर आहे, किंबहुना तोच सगळ्यात जास्त येतो. पण तो पहिल्या अक्षरातही बसतो. इंग्रज ‘पलीस’ म्हणतो, ‘बनाना’तला पहिला आणि शेवटचा स्वर पुसतो. पहिलं अक्षर पुसणं हे मंगोल कानाला घराचा उंबरठा काढून टाकल्यासारखं वाटणार.

म्हणून क्रम बदला. तुम्ही बहुतेक ‘अबाउट’पासून सुरुवात केलीत, पुस्तकं तशीच करतात. आधी ‘सोफा’, ‘टेबल’, ‘डॉक्टर’, ‘पेपर’ द्या. यांत पुसट स्वर दुसऱ्या अक्षरात आहे, तिच्या भाषेत असतो तिथंच. तो तिला फुकटात येईल. येतोय हे तिला रेकॉर्डिंग लावून दाखवा. मग ‘सोफा अबाउट’, ‘पेपर अबाउट’ असं जोडून म्हणायला लावा, मध्ये श्वास न घेता. ‘अबाउट’चा अ आता मागच्या शब्दाच्या शेपटीला लागला, पहिला राहिलाच नाही. हळूहळू शेपटी कापायची. आपल्याला हा अ जन्मजात मिळालाय, ‘कमळ’मध्ये तो दोनदा आहे, त्यामुळं त्याची किंमत नाही.

‘बर्ड’, ‘वर्क’, ‘गर्ल’मधल्या स्वराला ती तिचा तो मधला गोल ओ लावत असेल. हरकत नाही, उलट उत्तम सुरुवात. जीभ जवळजवळ जागेवर आहे, फक्त ओठ सोडायला सांगा आणि जबडा किंचित खाली. आपण तिथं ‘बर्‌ड’ करून र कडकडून वाजवतो, त्यापेक्षा तिचं बरं.

‘मेक’, ‘गो’ यांतले जोडस्वर तिनं सरळ ए-ओ म्हटले तर म्हणू द्या. तुम्ही-मी तरी कुठं वाकवून म्हणतो? कुणाचं काही अडलेलं नाही.

शेवटची सूचना तुमच्यासाठी. तिला फक्त तुमचा आवाज ऐकवू नका. जपानी लोकांना र आणि ल वेगळे ऐकायला शिकवण्याचे प्रयोग झाले, त्यात १९९१ च्या सुमारास दिसलं की अनेक वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात तेच शब्द ऐकवले की शिकलेलं नव्या आवाजांतही टिकतं. बाई, बुवा, म्हातारं, पोर, सगळे आवाज हवेत. आणि स्वरांना अक्षरांच्या नावानं हाक मारू नका. ध्वनिशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी १९८२ साली इंग्रजीच्या स्वरांना शब्दांची नावं दिली, ‘किट’, ‘ड्रेस’, ‘ट्रॅप’, ‘फूट’ अशी. ‘हा ड्रेसचा स्वर, हा ट्रॅपचा’ म्हटलं की ना तिची सिरिलिक, म्हणजे रशियन वळणाची लिपी आड येते, ना आपली देवनागरी. पडद्यावर तुम्ही ‘बॅड’ असं देवनागरीत लिहून दाखवत नसाल अशी आशा आहे. शिकवणाऱ्या माणसांना ही सवय असते.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत, सेमी इंग्रजीला आहे. ‘कालेज’, ‘हाल’, ‘हाटेल’, ‘ब्याग’ असं म्हणतो. शाळेत बाई सगळ्यांसमोर हसल्या, तेव्हापासून इंग्रजीचा तास आला की पोटात दुखतं म्हणतो. आमच्या घरातल्या बोलीमुळं त्याचं इंग्रजी बिघडलं का?
— एक पालक, कागल

उत्तर : बिघडलेलं काही नाही. पोराचा कान ठणठणीत आहे. ऑ आणि ॲ हे स्वर मराठीत इंग्रजीबरोबर आले. शासनाच्या वर्णमालेत त्यांना रीतसर जागा मिळाली ती २००९ च्या शासन निर्णयानं. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे स्वर नव्हते, तिथं ऑ-चा आ होणार आणि ॲ-चा या होणार. तो कधी ‘कालेज’ कधी ‘कॉलेज’ म्हणत नाही ना? मग तो नियमानं बोलतोय, गोंधळून नाही. ‘ब्याग’ तर फार कौतुकाची गोष्ट आहे. ॲ-मध्ये जिभेचं पुढं येणं आणि जबड्याचं उघडणं एकदम होतं. त्यानं ते ऐकलं बरोबर, फक्त एकापाठोपाठ एक केलं. आधी य, मग आ. त्याला एवढंच सांगा की दोन्ही एका वेळी कर. ‘या’ म्हणायला लागायचं आणि य-वरून आ-कडं जाता जाता अर्ध्यात थांबायचं. आरशासमोर केलं की लवकर जमतं.

‘कालेज’बद्दल त्याच्या बाईंना वाटलं तर हे कळवा की अमेरिकेत कोट्यवधी लोक ‘कालिज’ म्हणतात आणि ‘हॉट’ला ‘हाट’. तिथल्या विद्यापीठात तुमचं पोर गेलं तर या एका शब्दासाठी त्याला कुणी सुधारणार नाही. इथं ऑ म्हणायची पद्धत आहे म्हणून ऑ शिकायचा, बस. ओठ गोल करून आ म्हण, एवढ्यानं काम होतं.

घरची बोली बदलू नका. मंगोल मुलीला मंगोल बोलणं बंद कर असं कुणी सांगितलं तर तिचा ‘बॅड’ सुधारेल का? तिला तो ‘तॅव्य’मध्ये सापडणार आहे. हसणाऱ्या बाईंना मात्र एकदा शांतपणे भेटून या. पोटदुखी खोटी नाही.

प्रश्न : मी बी. ए. भाग तीनला आहे. स्वरसंवाद मराठीत का नाही? आपल्या देशात कुठं आहे का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : ‘का नाही’ला उत्तर नसतं, भाषा कशी आहे एवढं सांगता येतं. मराठीचे प्रत्यय हट्टी आहेत, समोर कोण आहे ते बघत नाहीत. तुर्कीत घरं म्हणजे ‘एवलेर’ आणि घोडे म्हणजे ‘आतलार’. एकाच अनेकवचनाच्या प्रत्ययाची दोन रूपं. हंगेरियन, फिनिश यांतही असाच कारभार. आपल्या शेजारी तेलुगूत थोडाफार आहे. बंगालीत स्वर एकमेकांना उंचीत ओढतात, ‘बिलाती’चं बोलीत ‘बिलिती’ होतं, मागच्या ई-नं मधल्या आ-ला वर घेतलं. परीक्षेत लिहायचं असेल तर तुर्कीचं उदाहरण लिहा, तपासणाऱ्याला ओळखीचं असतं. स्वतःच्या समाधानासाठी मंगोलचं पाठ करा. त्यांचा नियम नुसता पुढच्या-मागच्या जिभेचा नाही, ऑ आल्यावर पुढं ऑ-च, अशी ओठांच्या गोलाईचीही जोड आहे. ‘नॉमॉर’ वर दिलंच आहे. त्यांच्या जुन्या उभ्या लिपीत तर ऑ आणि सैल उ यांना अक्षर एकच. वाचणारा संदर्भानं ओळखतो. सरकारी कागदपत्रांत सिरिलिकच्या जोडीला हीच लिपी २०२५ पासून आणायचं २०१५ च्या कायद्यानं ठरवलं. तिथल्या बालवाडीतल्या बाईंची मला काळजी वाटते.

प्रश्न : मी कुस्ती मैदानात निवेदन करतो. आमची पोरं मोबाइलवर मंगोल कुस्त्या बघतात, मला त्यांच्या पदव्या माईकवर नीट घ्यायच्या आहेत. उच्चार सांगता का?
— एक निवेदक, गडहिंग्लज

उत्तर : आवडीचा प्रश्न. त्यांच्या कुस्तीला ‘बोख’ म्हणतात. यातला ओ म्हणजे वर पहिल्या उत्तरातला तो मधला गोल स्वर. ‘बोट’ म्हणतो तसा ओ लावू नका. ओठ गोल ठेवून ‘बरं’मधला अ म्हणा, जवळ जाल. ख घशात खरवडायचा, उर्दूवाले ‘खुदा’त म्हणतात तसा.

जुलैत त्यांचा नादाम भरतो, कुस्ती, घोड्यांची शर्यत आणि तिरंदाजी. राष्ट्रीय मैदानात एरवी ५१२ मल्ल उतरतात, हरला तो बाद, नऊ फेऱ्यांत निकाल. वजनी गट नाहीत, हे आपल्या खासबाग मैदानातल्या जुन्या कुस्तीशौकिनांना आवडावं. पाच कुस्त्या मारल्या की ‘नाचिन’, म्हणजे ससाणा. सगळ्या नऊ मारणारा ‘आर्सलान’, सिंह. शेवटचा न नाकात सोडा. सिंहानं पुन्हा मैदान मारलं की ‘आवर्गा’. लिहिताना शेवटी आ असतो, पण बोलताना तो गिळतात, आपण ‘राम’मधला अ गिळतो तसा. माईकवर ‘आवरग’ म्हटलंत तर मंगोल माणूस वळून बघेल.

सात कुस्त्यांना हत्तीची पदवी, ‘जान’. ज हा ‘जाळं’मधला, ‘जीभ’मधला नव्हे. आणि आ चांगला लांब धरा. आखूड केलात तर मंगोलमध्ये त्याचा अर्थ ‘स्वभाव’ होतो, आणि भर मैदानात एका पैलवानाला स्वभाव म्हणून पुकारल्यासारखं होईल. मैदान कधी आहे ते कळवा, आमच्याकडचे दोघं-तिघं येतील.